बिजागऱ्या परत दिसायला लागल्या: १:४३ मिनीच्या रंगकामाची पूर्ण केस

गाडी आहे मिनी, पहिलीवाली, मार्क वन. १:४३ स्केलची डायकास्ट (साच्यात ओतलेली धातूची) गाडी, लांबी साधारण ७१ मिलीमीटर, आणि माझ्याकडे आली तेव्हा हिरवी होती. हा हिरवा कंपनीचा नव्हता, माझ्या मामेभावाने नऊ वर्षांचा असताना घराच्या खिडक्यांना लावून उरलेल्या ऑइल पेंटने दिलेला होता, जाड ब्रशने आणि एकदम मन लावून. आता तो मोठा झालाय, गाडी इतकी वर्षं जपून ठेवलीय, आणि मला म्हणाला, "ताई, रॅलीवाल्या मिनीसारखी करून दे ना, लाल बॉडी, वर पांढरं छप्पर, दारावर पांढरं गोल आणि त्यात ७." म्हटलं ७ का रे, तर टीमच्या जर्सीवर त्याचा तोच नंबर होता.

म्हणजे कुठल्या एका खऱ्या गाडीची नक्कल करायची नव्हती, पण रंग मात्र रॅली टीमचेच हवे होते, टार्टन रेड आणि ओल्ड इंग्लिश व्हाइट. १९६४ ची माँटे कार्लो रॅली पॅडी हॉपकर्क आणि हेन्री लिडन यांनी ज्या मिनी कूपर एसमध्ये जिंकली ती ३७ नंबरची गाडी याच रंगात होती, पुढे १९६५ ला टिमो मॅकिनेन जिंकला, १९६७ ला राउनो आल्टोनेन, आणि मधल्या १९६६ ला मिनी सगळ्यात पुढे येऊनही हेडलाइटच्या नियमावरून बाद झाल्या. लाल अंगावर पांढरं छप्पर दिसलं की मिनी आवडणाऱ्या माणसाला हे सगळं आपोआप आठवतं, त्यामुळे इथे रंग चुकवून चालणार नव्हतं.

हे काम मी दोनदा केलं. पहिल्यांदा बिघडलं, सगळं खरवडून परत केलं, आणि दोन्ही वेळा मापं घेत गेले म्हणून सविस्तर लिहितेय. कारण लहान मॉडेल रंगवताना आपण सगळे रंगाची शेड, चमक, ब्रँड यावर तासन्‌तास बोलतो आणि थराच्या जाडीवर जवळपास कोणीच बोलत नाही, आणि या गाडीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळा प्रश्न जाडीचाच होता.

आधी मिनी हीच गाडी अवघड का ते सांगते. अॅलेक इसिगोनिसने डिझाइन केलेली ही गाडी २६ ऑगस्ट १९५९ ला बाजारात आली आणि तिच्या पत्र्याचे वेल्डिंगचे जोड बाहेरच्या बाजूला आहेत, म्हणजे पुढच्या काचेच्या खांबाजवळून खाली आणि मागच्या कोपऱ्यावरून खाली एक उभी कड येते. दाराच्या बिजागऱ्यासुद्धा मार्क वनला बाहेरच, प्रत्येक दाराला दोन. छपराच्या कडेने पन्हळ. बाकी गाडी म्हणजे गुळगुळीत डबाच आहे, त्यामुळे तिचा सगळा चेहरा या कडा, बिजागऱ्या आणि पन्हळीवर उभा असतो, त्या बुजल्या की साबणाची वडी उरते. मामेभावाची मिनी अगदी तशीच झाली होती. बिजागऱ्या कुठे आहेत ते बोट फिरवूनच कळायचं.

खोलायच्या आधी डिजिटल व्हर्निअरने दोन दारांच्या मध्ये, हँडलच्या जरा खाली, रुंदी मोजली, ३१.९४ मिमी. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि रंग काढायच्या आधी अजून एक विचार केला, जो प्रत्येक जुन्या मॉडेलच्या बाबतीत करायला हवा असं मला मनापासून वाटतं. जुन्या डायकास्टचा मूळ रंग चांगला असेल तर त्याला हात लावायचा नाही, मग तो थोडा उडालेला का असेना, एकदा गेला की तो कुठूनच परत येत नाही. इथे मूळ रंग हिरव्याखाली होता आणि तोही तुकड्या तुकड्यांत, म्हणून पुढे गेले. झिंक पेस्ट (pest, जस्ताची कीड) आहे का तेही पाहिलं, म्हणजे धातू फुगणं, बारीक भेगा पडणं, तुकडे पडणं. ही मॉडेलं ज्या मिश्रधातूची ओततात त्याचं नाव झॅमॅक, मुख्यतः जस्त आणि त्यात साधारण ४ टक्के अॅल्युमिनियम, थोडं मॅग्नेशियम, थोडं तांबं, आणि त्यात शिसं मिसळलं गेलं की काही वर्षांनी धातू आतूनच फुटायला लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या खेळण्यांमध्ये हे जास्त दिसतं. त्याला इलाज नाही आणि वरून कितीही चांगला रंग दिला तरी उपयोग नाही. ही गाडी मात्र ठणठणीत निघाली.

तळाचा पत्रा दोन रिव्हेटने बसवलेला होता. आधी १.५ मिमीच्या ड्रिलने बरोबर मध्ये खड्डा पाडला, मग ४ मिमीच्या ड्रिलने हाताने हळूहळू फक्त डोकं उडवलं, खांब तसाच ठेवला. नंतर त्या खांबात १.६ मिमीचं भोक पाडून एम-२ चे (२ मिमीच्या स्क्रूचे) आटे पाडले, म्हणजे गाडी स्क्रूने बंद करता येते आणि परत कधीही खोलता येते. आटे पाडताना तेलाचा थेंब टाकायचा आणि अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असं जायचं, घाई केली की टॅप (आटे पाडायचं हत्यार) आतच तुटतो आणि मग तो काढणं फार कठीण. काचा, सीट, बंपर, ग्रिल सगळं बाहेर काढून वेगवेगळ्या डब्यांत ठेवलं, कारण अॅसिटोनचा किंवा थिनरचा एक थेंब पारदर्शक प्लास्टिकवर पडला की काच गेलीच समजा.

रंग काढायला पेंट रिमूव्हर जेल वापरलं, ग्लोव्हज आणि उघडी खिडकी हे आलंच. कॉस्टिक सोडा वापरू नका असं मी हात जोडून सांगते. लोखंडाला तो चालतो पण जस्त अल्कलीत विरघळतं, आम्लातही विरघळतं, आणि मी काही वर्षांपूर्वी एक व्हॅन रात्रभर सोड्याच्या पाण्यात ठेवली होती ती सकाळी काळी पडलेली आणि खड्डे खड्डे झालेली निघाली, ते खड्डे अजून तसेच आहेत. व्हिनेगरचंही तेच.

रंग निघताना एक गोष्ट दिसली ती मला फार आवडली. जिथे हिरव्याखाली कंपनीचा रंग होता तिथे हिरवा घट्ट बसलेला होता, तासाभराने मऊ होऊन आला. पण जिथे कंपनीचा रंग आधीच उडाला होता आणि हिरवा थेट धातूवर लागला होता, तिथे तो नखाने पापडीसारखा उचलला जात होता, जेलची गरजच नाही. याचं कारण असं की ऑइल पेंटमधली तेलाची आम्लं जस्ताबरोबर हळूहळू साबण तयार करतात आणि रंगाची पकड आतून सुटते, पत्र्याच्या गॅल्व्हनाइज्ड शेडवर ऑइल पेंट सोलून येतो तोही याचमुळे. म्हणजे धातू आणि रंगामध्ये नीट प्रायमर लागतोच, तो नुसता रंग खुलवण्यासाठी नसतो. नऊ वर्षांच्या पोराने नकळत याचा पुरावाच करून ठेवला होता.

उघड्या धातूची रुंदी ३१.३६. म्हणजे दोन्ही बाजूंचा मिळून ०.५८ मिमी रंग गेला, एका बाजूला ०.२९. आता ०.२९ ला ४३ ने गुणा, साडेबारा मिलीमीटर येतात. म्हणजे खऱ्या मिनीच्या दारावर बोटभर रुंदीचा गिलावा चढवल्यासारखं. खऱ्या गाडीच्या अंगावरचा सगळा रंग धरून ०.१ ते ०.१५ मिमी असतो, आणि तो स्केलमध्ये उतरवायचा म्हटलं तर ३ मायक्रॉनच्या आसपास, जे कोणालाच जमणार नाही. त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो की किती कमीत भागवता येईल.

हे गणित मी खरं तर पहिल्या प्रयत्नानंतर केलं. आधी केलं असतं तर पहिला प्रयत्न झालाच नसता.

पहिल्या प्रयत्नात मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने गेले. ४०० मग ८०० च्या वॉटर पेपरने साच्याच्या रेघा घासून काढल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, स्प्रे कॅनमधला करडा प्रायमर दोन ओले हात, त्यावर लाल. करड्यावर लाल झाकायलाच वेळ लागतो, चकचकीत लाल रंगद्रव्यं बऱ्यापैकी पारदर्शक असतात आणि खालचा करडा त्यांना मळकट करतो, त्यामुळे दोन हातांनी होईना, चार दिले. मग लाल वाळल्यावर बाकी सगळी गाडी झाकून छपराला पांढरा मारला. पहिल्या हाताला गुलाबी. दुसऱ्याला कमी गुलाबी. पाचव्या हाताला दिवसा पांढरं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी परत पन्हळीजवळ गुलाबी झाक वर आलेली, कारण काही लाल रंगद्रव्यं वरच्या थराच्या थिनरमध्ये विरघळून वर चढतात, मग तुम्ही पांढऱ्याचे कितीही हात द्या, प्रत्येक हात नवीन थिनर घेऊन येतो आणि लाल अजून थोडं वर येतं.

दारांची रुंदी ३१.७२, म्हणजे एका बाजूला ०.१८. छपराला मी खालच्या कडेपासून उंची मोजून फरक काढला तर ०.२७, जवळजवळ हिरव्या रंगाइतकाच! खऱ्या गाडीत ११.६ मिमी. स्प्रे चकचकीत, दुरून बघायला लाल मिनी मस्त, आणि बिजागऱ्या पुन्हा गायब. वरची तर थोडीशी फुगवटी म्हणून दिसत होती, खालची शून्य. दारावरचं गोल अजून बाकीच होतं आणि तिथेही लालवर पांढरं द्यायचं होतं, म्हणजे अजून चार-पाच हात आणि त्या गोलाच्या कडेला चक्क पायरी.

इथे मला एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागली. माझ्या डोक्यात असं होतं की रंग सगळीकडे सारखा बसतो, मग बिजागरीवरही तेवढाच आणि शेजारीही तेवढाच, उंचीतला फरक राहायला हवा. पण ओला रंग तसा वागत नाही, पृष्ठताणामुळे तो धारदार कडेवरून मागे सरकतो आणि आतल्या कोपऱ्यात गोळा होतो. म्हणजे बिजागरीच्या माथ्यावर कमी आणि तिच्या मुळाशी जास्त, दार आणि बॉडीच्या मधल्या फटीत सगळ्यात जास्त. माझ्या मॉडेलवर बिजागरी उघड्या धातूवर पाव मिलीमीटर वर होती, तिच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी रंग साठला की उतार तयार होतो आणि डोळ्याला कड दिसणं बंद होतं. जितका ओला हात तितका हा प्रकार जास्त, आणि स्प्रे कॅन ओलाच मारतो, त्याचा दाब आणि पातळपणा आपल्या हातात नसतो.

मामेभावाला फोटो पाठवला, तो म्हणाला, "ताई छान झालीय की, राहू दे." त्याला खरंच आवडली होती. पण मी दोन दिवस ती समोर ठेवून बघत होते आणि मला ती मिनी वाटेना, म्हणून त्याला सांगितलं की अजून थोडे दिवस थांब, आणि अॅसिटोनमध्ये टाकली. कॅनमधला रंग लॅकर, म्हणजे थिनरमध्ये परत विरघळणारा, असल्यामुळे वीस मिनिटांत सगळं खाली.

दुसऱ्या वेळी कागद घेऊन बसले आणि थर मोजले. छपरावर काय काय हवं: धातूला धरणारा प्रायमर, पांढरा, क्लिअर (वरचा पारदर्शक थर). दारावर: प्रायमर, लाल, क्लिअर. गोलावर: प्रायमर, पांढरा, नंबर, क्लिअर. लालला खाली उजळ काहीतरी लागतं नाहीतर तो मरतो. म्हणजे सगळ्या गाडीवर एकच पातळ पांढरा दिला तर तो छपराचा रंग होतो, दारावरच्या गोलाचा रंग होतो आणि लालचा बेसही होतो. एका थरात तीन कामं! आणि लाल सगळ्यात शेवटी आल्यामुळे गुलाबी होण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण लालच्या वर पांढरं कुठेच येत नाही. हे सुचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की रात्री अकराला मामेभावाला फोन केला, त्याला त्यातलं किती कळलं माहीत नाही पण तोही खूश झाला.

रंगाच्या आधी धातूवर काम केलं. दाराच्या फटी, बॉनेटची रेघ आणि प्रत्येक बिजागरीच्या भोवतीची मुळाची कड स्क्राइबरने (टोकदार कोरणीने) हलकेच खोल केली, दोन-तीन वेळा अगदी कमी जोर लावून, कारण झॅमॅक मऊ आहे आणि हत्यार घसरलं की ओरखडा दारभर जातो. रंग कोपऱ्यात साठणारच आहे तर त्याला साठायला जागा करून ठेवायची, एवढाच हेतू. माझ्या मते या सगळ्या कामातला सगळ्यात मोलाचा तास हाच. मग टूथब्रश, साबण, पाणी, अल्कोहोल, आणि त्यानंतर उघड्या बोटाने एकदाही शिवायचं नाही.

प्रायमर या वेळी एच (etch) प्रायमर, ज्यात थोडं फॉस्फोरिक आम्ल असतं आणि ते जस्ताला किंचित चावून पकड घेतं, त्यामुळे अगदी पारदर्शक वाटेल इतका एकच हात पुरतो. इथे माणसाला मोह होतो की एकसारखा करडा दिसेपर्यंत मारत राहावं, तो आवरायचा. सगळं एअरब्रशने (हवेच्या दाबावर चालणाऱ्या छोट्या स्प्रे गनने), ०.३ मिमीची सुई, दाब साधारण १ बार, रंग एक भाग आणि लॅकर थिनर दोन भाग, अंतर सात-आठ सेंटीमीटर, आणि प्रत्येक हात असा की पृष्ठभागावर पडल्यावर दहा-पंधरा सेकंदांत त्याची ओली चमक जाईल. पांढऱ्याचे चार हात झाले, पण चार मिळूनही कॅनच्या एका ओल्या हाताएवढी जाडी नव्हती. मास्क चांगला, तोंडाला घट्ट बसणारा, ऑरगॅनिक व्हेपरवाल्या फिल्टरचा लावायचा. धुळीचा मास्क थिनरच्या वाफेला काही करत नाही.

दोन दिवस वाळू दिलं. वाळलंय का हे बघायला माझी खात्रीची पद्धत नाकच, जवळ धरून वास आला तर अजून थिनर आत आहे.

मग मास्किंग. छपरासाठी १ मिमी रुंदीची बारीक टेप पन्हळीच्या खालच्या कडेला धरून चारी बाजूंनी फिरवली, वर मोठ्या टेपने झाकलं. दारांवर ८ मिमी व्यासाची गोलं, टेपच्याच चकत्या कापून, खऱ्या गाडीत ३४४ मिमीचं गोल होतं ते, डोळ्याला बरोबर दिसतं. टेपच्या कडा टूथपिकने दाबल्या आणि लाल मारायच्या आधी त्या कडांवर पुन्हा एक पुसट पांढरा मारला, म्हणजे टेपखाली काही झिरपायचंच असेल तर पांढऱ्यावर पांढराच झिरपेल आणि फट बंद होईल. ही युक्ती जुनीच आहे पण ती न करता लोक टेपला दोष देत बसतात.

लालमध्ये मी किंचित नारिंगी घातला. लहान वस्तूवर तोच रंग खऱ्या गाडीपेक्षा गडद दिसतो असा माझा अनुभव आहे, म्हणून जरा उजळ करायचा होता, आणि लालमध्ये पांढरा घातला की तो गुलाबीकडे जातो, नारिंगीने उजळतो पण लालच राहतो. पांढऱ्या बेसवर तीन पातळ हातांत लाल झाकला. पहिल्या वेळी ओले चार लागले होते ते आठवा. तिसऱ्या हातानंतर अर्ध्या तासाने, रंग अजून थोडा मऊ असताना, टेप स्वतःवरच उलटी दुमडत अगदी हळू काढली. डाव्या दाराच्या गोलाला एका ठिकाणी केसाएवढा दात राहिला, तो दुसऱ्या दिवशी २००० च्या वॉटर पेपरच्या टोकाने नीट केला, बाकी कडा स्वच्छ.

७ आकडा पाण्याच्या डेकलचा (पाण्यात भिजवून सरकवायच्या छापील स्टिकरचा), काळा, त्यामुळे पांढरं छापायची भानगड नाही. डेकल नेहमी चकचकीत पृष्ठभागावर लावायचं, मॅट रंगावर लावलं तर खाली हवा अडकते आणि कडेने चांदीसारखी झाक दिसते. नंबर प्लेट काळ्यावर पांढरी अक्षरं अशी केली, त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांची तशीच असायची.

क्लिअर कोट द्यावा की नाही यावर मी बराच विचार केला. टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून कडक होणारा) खूप टिकतो आणि काचेसारखा दिसतो पण जाड बसतो, शिवाय त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुफ्फुसाला घातक रसायन असतं, घरच्या टेबलावर माझ्यापुरतं तरी ते नको. शेवटी लॅकर क्लिअर, भरपूर पातळ, दोन हात, आणि आठवड्याने बारीक कंपाउंडने कापडाने हलकं पॉलिश. पॉलिश करताना कडांवर अजिबात नाही. कडेवर रंग सगळ्यात कमी असतो, दोन फेऱ्यांत धातू दिसतो.

बाकीचं भराभर झालं. बंपर आणि ग्रिलला क्रोम पेन, त्यावर क्लिअर नाही, दिला तर क्रोम करडा पडतो. काचा कंपाउंडने घासून परत बसवल्या, पांढऱ्या गोंदाने, सुपर ग्लूने नाही, कारण त्याच्या वाफेने काच धुरकट होते आणि बंद गाडीत तर होतेच.

शेवटचं माप: ३१.५२. एका बाजूला ०.०८ मिमी, खऱ्या गाडीत साडेतीन मिलीमीटरच्या आत. खिडकीतून तिरका उजेड पडला की चारही बिजागऱ्यांच्या सावल्या वेगवेगळ्या दिसतात, मागच्या कोपऱ्यावरची जोडाची कड वरपासून खालपर्यंत एका रेघेत जाते.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम केली नाही. नऊ वर्षांच्या पोराचा ब्रश खिडकीतून आत गेला होता आणि छपराच्या आतल्या बाजूला हिरव्याचा एक ओघळ सुकलेला होता. पहिल्या वेळी रंग काढताना जेल फक्त बाहेरून ब्रशने आणि कापसाने लावलं, दुसऱ्या वेळी अॅसिटोनमध्ये बॉडी टाकली ती उताणी न करता छपराच्या आत डबल टेप आणि मेणाचा थर देऊन. गाडी परत देताना मामेभावाला म्हटलं, खालचे दोन स्क्रू काढ आणि आत बघ. त्याने तिथेच बसून स्क्रू काढले, छप्पर उलटं धरलं, आणि बराच वेळ बाहेरची लाल बाजू बघायची विसरला.